सव्वासहाचे पावणेसात

खिडकी माझ्या घराची, टेप माझ्या बायकोची आणि चूक युसुफभाईची. निदान आठ वर्षं मी तसंच सांगत आलो.

झालं होतं ते एवढंच. शहाद्याचा उन्हाळा इथं राहणाऱ्याला सांगायला नको आणि न राहणाऱ्याला सांगून पटत नाही. खिडकीत कूलर बसवायला लोखंडी चौकट हवी होती. बायको, म्हणजे शोभा, घरी कपडे शिवते. तिच्या शिलाई मशीनच्या खणातून मी टेप काढली, खिडकी मोजली, आकडा एका जुन्या बिलाच्या पाठीवर लिहिला आणि चिठ्ठी युसुफभाईला दिली. युसुफभाईचं लेथचं आणि वेल्डिंगचं दुकान माझ्या दुकानापासून तिसऱ्या शटरला. चौकट झाली, मी ती मोटरसायकलवर बाळासारखी आडवी धरून घरी आणली, आणि ती खिडकीत शिरेना. अर्धा इंच मोठी.

मी तसाच परत गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्याला बोललो. तो शांतपणे म्हणाला, "चिठ्ठीप्रमाणंच कयं ना भाऊ."

"मंग मोठी कशी झाली? तुम्ही स्वतःनं डोकं लावलं व्हई. यापुढे चिठ्ठीवर जे शे तेच करत जा. डोकं लावू नका."

त्यानं चौकट अर्धा इंच कापून पुन्हा जोडून दिली. ते शेवटचं वाक्य मला महाग पडलं. ते कसं, ते सांगायला हा लेख.

माझा मूळ धंदा मोटर वाइंडिंगचा. केळी आणि उसाचा हा मुलूख. विहिरीवरची मोटर जळाली की ती माझ्याकडे येते. आतली काळी पडलेली तार काढायची, नवी भरायची, वार्निश पाजायचं, उन्हात ठेवायची. तीस वर्षं केलं. मग गावात जिम निघाल्या, आणि जिममधलं पळायचं मशीन बंद पडलं की पुण्या-मुंबईचा मेकॅनिक पंधरा दिवस येईना. कुणाला तरी माझी आठवण झाली. मी झाकण उघडून पाहिलं आणि हसलोच. आत एक मोटर, एक पट्टा, दोन रोलर. ट्रेडमिल म्हणजे आडवी निजवलेली पिठाची गिरणी. फरक इतकाच की दळण वर उभं राहून घाम गाळतं.

तेव्हापासून शहादा, तळोदा, नंदुरबार इथल्या जिमवाल्यांचा मी 'नाना' झालो. मी स्वतः किती पळतो विचाराल तर एकदा एसटीच्या मागे पळालो होतो, आणि सुटलेल्या चपलेसाठी परत आलो. तोवर बस गेली.

लोकांना वाटतं मशीन आपल्याला मोजतं. तसं नसतं. पुढच्या रोलरच्या बाजूला शेंगदाण्याएवढं लोहचुंबक चिकटवलेलं असतं आणि त्याच्यासमोर एक सेन्सर. रोलरचा एक फेरा झाला की चुंबक एकदा समोरून जातं. मशीनला इतकंच कळतं. एका फेऱ्यात पट्टा किती सरकतो तो आकडा कारखान्यात भरून दिलेला असतो. फेरे गुणिले तो आकडा, झालं अंतर. वर कोण आहे, आहे का नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

याचा पुरावा म्हणजे आमचे शेठजी. कापडाच्या दुकानावर त्यांच्या मुलाची, हितेशभाऊची, जिम आहे. शेठजींना डॉक्टरांनी रोज दोन किलोमीटर चालायला सांगितलेलं. महिनाभर ते रोज शेठाणींना मोबाइलवर मशीनचा फोटो दाखवत: दोन किलोमीटर, पूर्ण. वजन मात्र वाढतच होतं. हितेशनं मला मशीन तपासायला बोलावलं. मी जिना चढून वर गेलो तर पट्टा रिकामा पळतोय आणि शेठजी बाजूला खुर्चीत बसून पेपर वाचतायत, हातात कचोरी.

"शेठजी, हे काय?"

"अरे, चालू तो आहे ना!" शेठजी म्हणाले. "डॉक्टरनं दोन किलोमीटर सांगितलं. कोण चालणार ते कुठे सांगितलं?"

तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. मशीन माणूस मोजत नाही, पट्टा मोजतं, हे मी त्यानंतर दहा जणांना ऐटीत सांगितलं. आणि मीच ते विसरलो.

रमिला त्या जिमला यायला लागली ती थंडीत, उसाचा हंगाम जोरात असताना. धडगावच्या वरच्या बाजूच्या पाड्यावरची पोर. लोणखेड्याला कॉलेजात शिकायची, होस्टेलला राहायची. पोलीस भरतीची तयारी करत होती. मुलींना आठशे मीटर पळायचं असतं. तीन मिनिटांच्या आत आलं की चांगले गुण, मग सेकंद वाढत जातील तसे गुण गळत जातात. ती आधी पहाटे रस्त्यावर पळायची, तिच्या खोलीतल्या मैत्रिणीबरोबर. एका पहाटे उसाच्या ट्रॅक्टरची मागची ट्रॉली सुटली आणि ऊस रस्त्यावर ओतला गेला. रमिला दोन पावलं पुढं होती. मैत्रीण मागं होती. तिचा पाय मांडीपासून मोडला आणि ती घरी गेली ती परत आलीच नाही.

त्या दिवसानंतर रमिला रस्त्यावर पळाली नाही. ट्रॅक्टरचा आवाज आला की भिंतीला चिकटून उभी राहायची. कॉलेजच्या मैदानावर कसल्याशा प्रदर्शनाचे मांडव पडलेले. म्हणून मशीन. हितेशनं तिला सकाळची वेळ दिली आणि पैशाचं नाव काढलं नाही, हे त्याच्याबद्दल सांगायला हवं.

ती यायच्या दोनच आठवडे आधी त्या मशीनचा पुढचा रोलर मी दुरुस्त केला होता. लोकांचा घाम आणि रोजचं फडकं, दोन्ही खारट. रोलर मध्यावर गंजून खड्डे पडलेले. नवा मागवला तर महिना. भरतीची पोरं तर रांगेत. मी ठरवलं, खड्ड्यांची जागा घासून त्यावर पाइपचं कवच चढवायचं आणि लेथवर मूळ मापाला आणायचं. मूळ माप घ्यायला काठाजवळची जागा शाबूत होती. बारीक मापं घ्यायचा माझा व्हर्नियर तळोद्याला एका गिऱ्हाइकाकडे राहिलेला. घरात काय होतं? शोभाची टेप. काठाला गुंडाळली, आकडा वाचला: पावणेसात इंच. चिठ्ठीवर लिहिलं, रोलर आणि चिठ्ठी युसुफभाईकडे दिली.

त्यानं चिठ्ठी पाहिली, रोलर पाहिला, पुन्हा चिठ्ठी पाहिली. काहीतरी बोलणार असं वाटलं. मग त्यानं चष्मा चढवला आणि कामाला लागला.

मशीन जोडलं, गुळगुळीत चालायला लागलं. मी स्वतःवर खूश.

पंधरा दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. "नाना, मशीन जड पडी ऱ्हायनं." मी म्हणालो, मशीन जड नाही, तुम्ही जड झालात. एक जण म्हणाला आठच्या वेगाला धाप लागते. मी म्हणालो थंडीनं लागते. धंद्यातल्या माणसाला गिऱ्हाइकाची तक्रार ऐकू येते, पण कानाच्या बाहेरच्या बाजूनं.

रमिलानं तक्रार केली नाही. तिनं आकड्यावर विश्वास ठेवला. रस्त्यावर असताना ती तीनच्या आसपास यायची, मैत्रिणीच्या मोबाइलवर. मशीन तिला तीन मिनिटं पंधरा सेकंद दाखवायला लागलं. तिला वाटलं, सवय गेली. तिनं सकाळबरोबर संध्याकाळ धरली. तीन दहा झाले. तिथून आकडा हलेना. गाल आत गेले. हितेशनं सांगितलं एक दिवस विश्रांती घे, तर ती म्हणाली, "मशीन विश्रांती घेत नाही, भाऊ."

ग्राउंडला, म्हणजे भरतीच्या मैदानी चाचणीला, आठ दिवस राहिले होते. त्या सकाळी मी जिममध्येच होतो, कोपऱ्यात सायकलचं पॅडल बसवत. रमिला पळत होती. मी पाठमोरा. पट्ट्यावरच्या पावलांचा ठेका मला मोटरच्या आवाजासारखा ऐकू येतो. चुकला की मान आपोआप वळते. आठशे संपता संपता ठेका चुकला. मी वळलो तोवर तिनं पुढचे दांडे दोन्ही हातांनी धरले होते, मग पाय मागं गेले आणि पट्ट्यानं तिला मागच्या भिंतीवर टाकून दिलं.

मी लाल बटणाकडे धावलो. दांड्यांवर नाडी मोजायच्या पट्ट्या असतात; हात धरला की आकडा दिसतो. तिनं हात सोडलेले, म्हणून तिथं आकडा नव्हता, दोन आडव्या रेघा होत्या. हे मला माहीत आहे. मी ते मशीन शंभर वेळा उघडलंय. पण त्या क्षणी हृदयाचं चित्र आणि त्याच्यापुढं दोन आडव्या रेघा पाहून माझं ते सगळं ज्ञान पळालं. मला वाटलं पोर गेली. मी तिच्याकडे जायचं सोडून त्या रेघांकडेच बघत राहिलो. हितेशनं मला बाजूला ढकललं, तिच्या तोंडावर पाणी मारलं. तिनं डोळे उघडले. गुडघा सोलला होता, ओठ पांढरे. पहिला प्रश्न तिनं विचारला, "किती आले?"

"तीन बारा," हितेश म्हणाला. खोटं बोलायला हवं होतं, पण त्याला सुचलं नाही.

ती भिंतीला टेकून बसली. मग म्हणाली, "मी उद्या घरी जाते. भाऊ गुजरातला ऊस तोडायला निघालाय. त्यांच्या टोळीला एक माणूस कमी आहे."

"आणि ग्राउंड?"

"मशीन सांगतंय ना, माझं होणार नाही. तिथं जाऊन लोकांसमोर पडण्यापेक्षा बरं."

मी काहीतरी धीराचं बोललो. काय बोललो ते आठवत नाही, म्हणजे ते कामाचं नव्हतं.

संध्याकाळी घरी जेवण गेलं नाही. शोभा एका बाईच्या ब्लाउजचं माप घेत होती. टेप लावली, आकडा मोठ्यानं वाचला, "साडेतेहतीस," आणि वहीत लिहिलं तेहतीस. पुढचं माप "चौदा" वाचलं, लिहिलं साडेतेरा. बाई गेल्यावर मी सहज विचारलं, की तू दरवेळी अर्धा इंच खाऊन टाकतेस, म्हणून का गं बायकांना ब्लाउज घट्ट होतात?

ती हसली. "टेपनं टोक फाटी गयथं. अर्धा इंच दुमडीसन शिवी टाकं मी. ही टेप अर्धा इंच खोटी शे. तुमले म्हाईत नही का?"

मी टेप हातात घेतली. टोक इतकं सुबक शिवलेलं की शून्य तिथूनच सुरू होतं असं कुणालाही वाटावं. पण टोकाला शून्य नव्हतंच; तिथं अर्ध्या इंचाची रेघ होती.

पावणेसातातून अर्धा गेला की सव्वासहा राहतो.

माझ्या धंद्यात भीती विजेची असते असं लोकांना वाटतं. वीज झटका देऊन मोकळी होते. ही भीती तशी नव्हती. ही पोटातून वर आली, कानात बसली आणि तिथं हिशेब करायला लागली. रोलर मूळ मापापेक्षा जाड झाला. जाड रोलरचा एक फेरा म्हणजे पट्टा जास्त सरकणार. मशीनला फेरे तेवढेच दिसणार. म्हणजे मशीन दाखवतं त्यापेक्षा पट्टा जोरात पळतोय. म्हणजे दीड महिना ती पोर जेवढं पळली, मशीननं तिला त्यापेक्षा कमी सांगितलं. आणि ते मशीननं नाही, मी सांगितलं. पावणेसात, माझ्या अक्षरात.

सकाळी उजाडता उजाडता युसुफभाईची लोखंडी टेप घेऊन मी जिमला गेलो. तुम्हालाही तुमच्या गावच्या मशीनची परीक्षा घ्यायची असेल तर पद्धत सोपी आहे. पट्ट्याची पूर्ण लांबी मोजा. त्याच्यावर खडूनं एक आडवी रेघ मारा. मशीन दहाच्या वेगाला लावा आणि एका मिनिटात रेघ किती वेळा येते ते मोजा. लांबी गुणिले फेरे. मी मोजले. हितेशनं मोजले. दोघांनी मिळून मोजले. मशीन दहा दाखवत होतं आणि पट्टा दहा पूर्णांक आठनं पळत होता. रमिलाचे तीन मिनिटं दहा सेकंद म्हणजे खरे दोन छप्पन्न.

टेप परत द्यायला गेलो. युसुफभाईनं माझा चेहरा पाहिला आणि विचारायच्या आधीच म्हणाला, "त्या रोलरनं माप ना? सव्वासहा व्हतं ते. मी तं तव्हयच देखं."

"मंग सांगितलं का नाही?"

तो लेथवरचा लोखंडाचा कीस झाडत राहिला. "तुम्हीच सांगेल व्हतं ना भाऊ. डोकं लावू नका."

मी टेप त्याच्या हातात दिली. खिडकीच्या चौकटीचा अर्धा इंचही शोभाच्या टेपचाच होता, हे तेव्हाच बोलायला हवं होतं. पण बसची वेळ होत होती, हे एक निमित्त मिळालं, आणि मी ते घेतलं.

शहाद्याच्या स्टँडवर धडगावची बस लागलेली. रमिला खिडकीशी बसली होती, मांडीवर पिशवी. मी खालूनच सगळं सांगायला लागलो; टेप, रोलर, चुंबक, अर्धा इंच. बसमधली माणसं मला औषध विकणारा समजून ऐकायला लागली. रमिलानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नाना, मला बरं वाटावं म्हणून सांगता तुम्ही."

हे मला सुचलंच नव्हतं. जिनं खोट्या आकड्यावर दीड महिना विश्वास ठेवला, तिला खरा आकडा खोटा वाटला. कंडक्टर चढला. मी खिशातून शोभाची टेप काढली आणि तिच्या हातात दिली.

तिनं टोक पाहिलं. बोटानं शिवण चाचपली. नख अर्ध्याच्या रेघेवर टेकवलं. मग पिशवी उचलून खाली उतरली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "दीड महिना मी रोज रडले, नाना. उशीत तोंड घालून."

तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गोष्ट इथं संपती तर हा लेख मी ऐटीत लिहिला असता. पण मशीन चुकलं म्हणजे माणूस बरोबर, असं होत नाही. मशीनवरचे दोन छप्पन्न रस्त्यावर दोन छप्पन्न राहतात का? ग्राउंडवर तर खरी जमीन असते, पट्टा नाही. समोरून वारा असतो. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, मशीनवर वेग मशीन धरून ठेवतं, तुम्ही फक्त पाय उचलायचे. रस्त्यावर वेग तुमचा तुम्हाला धरावा लागतो.

लोणखेड्याच्या बाजूला केळीच्या बागांमधून एक शिवारातला रस्ता जातो. माझ्या वाइंडिंगच्या तारेचं एक रीळ घेतलं, लोखंडी टेपनं शंभर मीटर तार मोजून तोडली आणि त्या तारेनं रस्ता मापला. दर शंभर मीटरवर काठी, काठीला शोभाकडच्या चिंध्या. चारशे जायचं, चारशे यायचं. शोभा पलीकडच्या टोकाला उभी राहिली. रमिला अलीकडे. मी मोबाइल धरून.

ती उभी राहिली आणि दूर कुठंतरी ट्रॅक्टर धडधडला. बागेच्या पलीकडे, आमच्याकडे येतही नव्हता. तिचा चेहरा राखेसारखा झाला. ती केळीच्या पानांत शिरून उभी राहिली.  मी म्हणालो, उद्या बघू. ती म्हणाली, उद्या पण ट्रॅक्टर असणारच.

ती पळाली. पहिले चारशे अशी पळाली की मागं काहीतरी लागलंय. परत येताना पाय जड झाले, शेवटच्या काठीपाशी ती जवळजवळ चालत होती.

तीन मिनिटं अठरा सेकंद.

मी मोबाइल तिला दाखवला नाही. हाताच्या मुठीत धरून उभा राहिलो. काल मशीननं तिला कमी सांगितलं होतं, आज रस्त्यानं त्याहून कमी सांगितलं, आणि रस्ता खोटा नव्हता. मी तिला बसमधून उतरवलं होतं. ती भावाबरोबर गेली असती तर निदान कुणासमोर पडली नसती. गुडघ्यांवर हात ठेवून ती धापा टाकत होती आणि माझ्या मुठीकडे बघत होती.

तोवर शोभा पलीकडून चालत आली. तिला आकड्याशी घेणं नव्हतं. ती रमिलाला म्हणाली, "आंडेर, जाताना इतली घाबरीसन काब्र पळी ऱ्हायनी तू? कपडा कापाना पहिले सगळा आंथरना पडस. पहिलाच हातमा कातर मारी टाकी तू." पोरीनं सुरुवातीलाच सगळा जोर खर्चून टाकला, असं तिचं म्हणणं.

दुसऱ्या दिवसापासून शोभानं घरातली स्टीलची परात आणली आणि मधल्या काठीपाशी ठाण मांडलं. दर शंभर मीटरला बावीस सेकंद लागायला हवेत, असं मी मोजून दिलं. मी मोबाइल बघून हात वर करायचो, ती परातीवर लाटणं मारायची. परात वाजायच्या आधी काठी आली तर रमिला घाई करतेय. वाजल्यावर आली तर मागं पडतेय. पहिल्या दिवशी ती परातीच्या कितीतरी आधी काठीपाशी. ट्रॅक्टर धडधडला की अजून आधी. शोभा ओरडायची, "ट्रॅक्टर नही, परात आइक! परात!" बागेतली माणसं काम टाकून बघायला यायची. कुणी म्हणालं माकडं हाकलतायत.

तिसऱ्या दिवशी तीन सात. चौथ्या दिवशी तीन दोन. पाचव्या दिवशी ट्रॅक्टर अगदी बागेच्या कडेनं गेला. मीच दचकून तिकडे वळलो, आणि रमिला परातीबरोबर काठीला आली. दोन एकोणसाठ. सहाव्या दिवशी मी पळू दिलं नाही. तिला झोप लागली नसेल, पण मलाही लागली नाही, तेव्हा हिशेब फिटला.

नंदुरबारच्या ग्राउंडवर बाहेरच्या माणसाला आत सोडत नाहीत. मी आणि शोभा कुंपणाच्या भिंतीबाहेर, चहाच्या गाडीपाशी उभे. आतून फक्त शिट्टी ऐकू यायची. एक शिट्टी, मग पायांचा आवाज, मग बराच वेळ काही नाही. रमिलाची तुकडी कुठली ते कळायला मार्ग नव्हता. प्रत्येक शिट्टीला मला वाटायचं, ही तिची. प्रत्येक शिट्टीला मी मनात बावीस, चव्वेचाळीस, सहासष्ट मोजायचो. नऊ वेळा मोजलं. एकदा आतून कुणीतरी पडल्याचा गलका झाला, "पाणी आणा" असं ऐकू आलं, आणि मला त्या दोन आडव्या रेघा दिसल्या. चहाचा कप हातातून सुटला. शोभानं माझं मनगट धरलं आणि त्यावर बोटानं हळूच ठोकत राहिली, परातीसारखं.

एक वाजता पोरी बाहेर यायला लागल्या. कुणी रडत, कुणी लंगडत. रमिला सगळ्यात शेवटी आली. कपाळावर धूळ, कोपर खरचटलेलं; वळणावर एका पोरीनं ढकललं होतं. ती सरळ शोभाकडे गेली.

"काकू, परात नव्हती तिथं."

"मंग?"

"मी मनात वाजवली." मग माझ्याकडे वळली. "दोन अठ्ठावन्न, नाना. त्यांच्या घड्याळात. तुमच्या नाही."

पुढं लेखी परीक्षा आहे, मग यादी. यादीचं मला काही सांगता येणार नाही. त्यात माझा रोलर नाही. भाऊ गुजरातला गेला आणि तिनं लोणखेड्यालाच राहून अभ्यास धरलाय, एवढं खरं. रोलर मी पुन्हा लेथवर चढवून सव्वासहाला आणला. आता जिममधले लोक म्हणतात मशीन हलकं झालं, नानांनी तेल छान घातलं.

त्या दिवशी शहाद्याला परतताना बसमध्ये मला जरा बरं वाटत होतं. आठ दिवसांनी पहिल्यांदा भूक लागली होती. मी शोभाला म्हणालो, बघ, माणसाकडून चूक होते, पण वेळेवर सापडली आणि निस्तरली की झालं. मोठ्या मनानं कबूल करावं लागतं, एवढंच.

शोभा बाहेर बघत होती. तिनं पिशवीतून टेप काढली, सुबक गुंडाळून परत ठेवली.

"एक निस्तरनी," ती म्हणाली. "खिडकी आजून बाकी शे."